राहिलेल्या समुद्रगावी परत गेलात का कधी?

सुरसागरकाठची
परवा स्टेशनबाहेर रिक्षावाला ओरडत होता, "मांडवी, मांडवी!" बडोद्यात इतकी वर्षं हेच ऐकतेय, पण परवा एकदम सुक्या बोंबलांचा वास आला. नुकतीच रत्नागिरीहून आलेय म्हणून असेल. बाबांची बँकेची बदली, १९८९ ते ९६ तिथे होतो, मांडवीच्या काळ्या वाळूपासून दहा मिनिटांवर. घरमालकीणकाकूंनी भरतीचं गणित शिकवलेलं: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. इथे गच्चीवर चंद्र दिसला तरी मी मनात पाऊणपट करते, नवरा हसतो.
घराच्या जागी इमारत झालीय, ते धरूनच चालले होते. काकू तिसऱ्या मजल्यावर. मला ओळखलंच नाही. बाबांचं नाव सांगितलं, परसातला फणस सांगितला, नुसत्या बघत राहिल्या. काय बोलावं कळेना म्हणून विचारलं, काकू, आज भरती कधी? लगेच उत्तर: "दशमी ना? साडेसात." आणि मग, "काळोख पडायच्या आत घरी ये गो, आई ओरडेल."
आई खाली गाडीत बसली होती. लिफ्ट बंद, तिचे गुडघे.
तुमचंही लिहा.

दांडियाबाजारी
मांडवी म्हटल्यावर मला आपली चार दरवाज्यांचीच आठवली. अर्धं वाचून झाल्यावर कळलं की बोंबील कुठून आले 😄

कच्छी_जावई
तिसरी मांडवी राहिली! कच्छमधली. चार वर्षं होतो तिथे नोकरीला. रुक्मावतीच्या काठावर लाकडी जहाजं बांधतात, खोलीच्या खिडकीतून एक सांगाडा रोज दिसायचा. मी होतो तोवर काही पूर्ण झालं नाही ते. गेल्या हिवाळ्यात बायकोला दाखवायला नेलं, तर तिथे दुसराच सांगाडा उभा. आपलं जहाज पाण्यात उतरताना बघायला आपण नव्हतो याचं उगाच वाईट वाटलं. बायको म्हणाली दाबेली खा.

रावपुरा७
दाबेली मांडवीचीच खरी. बडोद्यात मिळते ती गोड असते

दांडियाबाजारी
बडोद्यात येऊन दाबेली कोण खातो, सेव-उसळ खा ना भाई

निवृत्त_इंजिनियर
ताई, पाऊणपट कोकणात बरीचशी जमते. खंभातच्या आखातात लावू नका. भावनगरला नऊ वर्षं काढली. पाणी दहा मीटर चढतं-उतरतं, ओहोटीला बंदर कोरडं पडू नये म्हणून लॉकगेट लावून पाणी आत कोंडतात. तिथे तिथी नाही, छापील तक्ता बघायचा. परत गेलो नाही. मिसेस गेल्यावर एकट्याने जाऊन काय बघायचं.

सुरसागरकाठची
काका 🙏 जाऊन या एकदा. आम्ही आहोत ना गप्पांना.

मीनल_अलकापुरी
पाऊणपट सकाळची की संध्याकाळची??

सुरसागरकाठची
दोन्ही गं. साधारण बारा-साडेबारा तासांनी पुन्हा येते.

ओखामंडळ
आमचे आजोबा गायकवाडी नोकरीत ओख्याला. ओखामंडळ तेव्हा बडोद्याचंच ना. माझंही लहानपण तिथलं. बेट द्वारकेला जायचं म्हणजे फेरीबोट, आजी गर्दीत माझी वेणी धरून ठेवायची. २०२४ ला पूल झाला, सुदर्शन सेतू. यंदा गाडीने गेलो, काही मिनिटांत पार. मुलगा विचारतो, आलं पण? मी हट्टाने परतीला बोट शोधत बसले. घरचे वैतागले. (कुकर झाला, उरलेलं नंतर)

रावपुरा७
मिऱ्याचं ते जहाज बघितलंत का? २०२० च्या निसर्ग वादळात किनाऱ्याला लागलेलं

सुरसागरकाठची
नाही हो. आईला भगवती किल्ल्यावर न्यायचं होतं, तेच जमलं नाही. भाट्याच्या पुलावर गाडी थांबवली, ती खाडीकडे बघत बसली. नंतर म्हणाली, काकूंना माझं नाव सांगितलंस का? मी म्हटलं, सांगितलं.
सांगितलं नव्हतं. बाबांचंच सांगितलं होतं.

मीनल_अलकापुरी
अगं फोन लाव ना त्यांच्या मुलाला

दांडियाबाजारी
बडोद्याहून रत्नागिरी थेट गाडी कुठली? मे महिन्यात आंबे आणायचेत

ओखामंडळ
ओखा-एर्नाकुलम. आमच्याच गावाहून निघते, तुमच्याकडून जाते 😀 उकडलं की आंबे डब्यात पिकतात, कच्चे घ्या.

सुरसागरकाठची
लावला फोन. काकू झोपल्यात, उद्या सकाळी बोलतो म्हणाला. उद्या द्वादशी, म्हणजे नऊ.