कोंबडीखत टाकलं अन् मेथी जळाली, आता वाफ्याचं काय करू?

बेसा_बाग
१४ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. आम्ही नागपुरात बेसाकडे राहतो, घरामागे २० बाय १५ फुटांची मोकळी जागा आहे, काळी माती, पावसाळ्यात तिथं नुसतं गाजरगवत माजतं. यंदा दिवाळी झाल्यावर ठरवलं की हिवाळ्यात भाजी घरचीच खायची, मेथी, पालक, सांभार (म्हणजे कोथिंबीर), थोडे मुळे आणि चार झाडं वांग्याची. सासूबाईंना सांभारवडीसाठी घरचा सांभार पाहिजे म्हणून उत्साह जरा जास्तच होता.

मी एक व्हिडिओ बघितला, बाहेरच्या देशातला, त्यात ती बाई सांगून राहिली होती की हिवाळ्यात वाफ्यावर कोंबडीखत पसरवून ठेवा, माती एकदम सोनं होते. मग मिस्टरांच्या ओळखीतल्या एका पोल्ट्रीवाल्याकडून ८ पोते आणले. त्यानं फुकटच दिले, गाडीभाडं तेवढं लागलं, तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. ब्रॉयलरचं आहे, धानाच्या तुसात मिसळलेलं, एकेक पोतं ३५ किलोच्या आसपास. अर्ध्या जागेत ५ पोते पसरवले, इंचभर थर झाला, वरच्यावर खुरप्यानं मिसळलं, पाणी दिलं आणि चौथ्या दिवशी मेथी अन् सांभार पेरला.

मेथी चार दिवसांत वर आली, मी फोटो पण टाकले सगळ्या ग्रुपवर. सहाव्या दिवशी टोकं तपकिरी, आठव्या दिवशी सगळी आडवी. मुळं उपटून पाहिली तर दोऱ्यासारखी बारीक अन् काळपट. सांभार तर उगवलाच नाही. वरून वास असा की शेजारचे काका रोज संध्याकाळी त्यांची खिडकी जोरात आपटून बंद करतात, मला ऐकू यावी म्हणूनच. उरलेले ३ पोते अंगणात ताडपत्रीखाली आहेत, माशा घोंघावून राहिल्या.

वाफा वाया गेला का? उरलेलं फेकू का? सीझन गेला का?

उमरेड_रोडवाला

ताई आमच्या वावरात दरसाली ट्रॉलीनं कोंबडीखत पडते, ते बी ताजंच. काई होत नाई. तुमचं बीच खराब असन. नाईतर पाणी जास्त झालं. कोंबडीखतावानी खत नाई, एकदा टाकलं का कपाशी पाहा तुम्ही.

माती_मास्तर

बियाण्याचा दोष नाही. बी खराब असतं तर उगवलंच नसतं, इथं उगवून जळालं आहे. मी कृषी खात्यात नोकरी केली, आता घरी बसून लोकांचे वाफे बघतो, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी हिशेब करू. तुमची अर्धी जागा म्हणजे १५० चौरस फूट, साधारण १४ चौरस मीटर. त्यात ५ पोते म्हणजे १७५ किलो पडलं. कोंबडीखत हेक्टरी ५ टन टाकलं तरी ते भरपूर समजतात, आणि ते सुद्धा कुजलेलं. म्हणजे चौरस मीटरला अर्धा किलो. तुमच्या वाफ्याला ७ किलो पुरलं असतं, एक मोठी बादली. तुम्ही पंचवीस पट टाकलं. शेणखतात नत्र (नायट्रोजन) अर्धा टक्का धरतात, कोंबडीखतात ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १७५ किलोत ५ किलो नत्र झालं. युरियाच्या भाषेत सांगायचं तर ११ किलो, ४५ किलोच्या पोत्यातला पाव हिस्सा एका खोलीएवढ्या जागेत ओतला असं समजा. सगळं एकदम सुटत नाही, ओलावा धरला तर आकडा थोडा खाली येईल, पण मेथीच्या कोवळ्या मुळाला एवढा हिशेब कळत नाही.

आता जळतं का ते. कोंबडीला वेगळी लघवी नसते, सगळं एकातच पडतं. विष्ठेवर ती पांढरी टोपी दिसते ना, ते युरिक अ‍ॅसिड. ओल लागली की त्याचा अमोनिया होतो. तुम्हाला अन् काकांना जो वास येतो, डोळ्यांना झोंबतो, तो हाच. त्यात आपल्याकडची काळी माती, सामू (pH) बहुतेक ८ च्या आसपास, अशा मातीत अमोनिया वायू होऊन जास्त सुटतो. वर खतातले क्षार वेगळे. उगवत्या बियाला दोन्ही बाजूंनी मार बसला.

व्हिडिओबद्दल. ती बाई चुकीचं सांगत नव्हती, पण तिच्याकडे हिवाळ्यात बर्फ पडतो, वाफा चार-पाच महिने झोपलेला असतो. खत पसरवायचं अन् वसंतात पेरायचं, मधे कुजायला वेळ मिळतो. आपल्याकडे हिवाळा हाच भाजीचा हंगाम! नागपुरात रात्री पारा १० वर आला तरी मेथी-पालक आनंदात वाढतात. तुम्ही तिचं अर्धं ऐकलं, खत पसरवलं, आणि अर्धं आपल्या पद्धतीनं केलं, लगेच पेरलं.

उमरेड रोडवाले भाऊ खोटं बोलत नाहीत, पण ते टाकतात कधी ते सांगत नाहीत. भाऊ, एप्रिल-मे मधेच ना? वखरून दोन महिने उन्हात तापतं, मग जूनचा पाऊस धुतो, त्यानंतर तुम्ही कपाशी लावता. ते ताजं कुठं राहिलं.

ताई, आता करायचं काय. आधी वाफ्यावरचा खताचा थर वरच्या अर्धा इंच मातीसकट फावड्यानं खरवडून काढा, फेकू नका. मग एकदाच खोल पाणी द्या. रोज रोज नको, काळी माती आहे, चिखल झाला की आठ दिवस हलत नाही. वापसा आला, म्हणजे चिखल जाऊन नुसती ओल राहिली, की कुदळीनं उलथून उन्हात उघडी ठेवा. असं दोनदा करा, तीन आठवडे जातील. नंतर एका कुंडीत ती माती भरून मेथीचे १० दाणे टाका. आठ-नऊ उगवून हिरवे राहिले तर वाफा तुमचा.

सीझन अजिबात गेला नाही. उरलेल्या अर्ध्या जागेत आजच जुनं शेणखत टाका, उकंड्याच्या तळातलं, काळं, भुसभुशीत, वास नसलेलं. एक-दीड पोतं पुरतं. मेथी-पालक महिन्याभरात खाल, सांभाराला दीड महिना धरा. धने तळहाताखाली चोळून दोन फाका करून पेरा, आख्खे टाकले की उगवायला वेळ लावतात.

आणि कोंबडीखत ज्याच्यासाठी खरं कामाचं आहे ते म्हणजे तुमची उन्हाळी भाजी. फेब्रुवारीत भेंडी, चवळी, गवार, काकडी लावाल ना, त्याचं खत आत्ता कुजवायला घाला. हिवाळ्याची तयारी म्हणजे ती.

गच्चीवरची_काकू

मास्तरांनी सगळं सांगितलंच, मी फक्त ढिगाचं सांगते कारण मी स्वतः एकदा फसली आहे. पहिल्या वर्षी मी एका प्लास्टिकच्या टबात भरून झाकण लावून ठेवलं, दोन महिन्यांनी उघडलं तर आत हिरवट लगदा अन् असा वास की आमच्या बिल्डिंगमधे मीटिंग झाली. हवा नसली की कुजत नाही, सडतं.

ढीग जमिनीवरच घाल. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन उंच, याच्याहून लहान केला तर थंडीत आतून तापत नाही. आत्ता सोयाबीन निघालं आहे, हिंगण्याकडे नाहीतर कळमेश्वरकडे कुणाकडे पण कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, मिळेल. एक घमेलं खत, दीड-दोन घमेले कुटार नाहीतर वाळका पाचोळा, असे थर. तुझ्या खतात तूस आधीच आहे म्हणून फार नको. पाणी शिंपडताना मूठभर घेऊन दाबायचं, हात ओला झाला पाहिजे पण धार नाही लागली पाहिजे. वरून पुन्हा कुटाराचा जाड थर दे, माशा अन् काका दोघंही शांत होतात, खरंच.

आठ-दहा दिवसांनी पालटायचं, बाहेरचं आत, आतलं बाहेर. चार-पाचदा केलं की दोन महिन्यांत होतं. झालं की नाही ते बघायचं असेल तर एक मूठ खत प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून रात्रभर ठेव, सकाळी उघडल्यावर नाकाला झोंबलं तर अजून कच्चं.

आणि हो, घाईघाईत कच्चं टाकलं तर हुमणीच्या अळ्या येतात त्या वेगळ्या. माझी वांगी एका वर्षी त्यांनीच खाल्ली, मुळापासून, झाड हातात आलं नुसतं.

बेसा_बाग

मास्तर, काकू, खूप खूप आभार. २५ पट वाचून मिस्टर हसून हसून बेजार, पोते उचलताना मात्र त्यांनीच म्हटलं होतं की "टाक अजून एक". कुटार मिळालं. एक विचारू का, उरलेल्या खताचं पाणी करून पालकावर मारलं तर चालते का? एका ग्रुपवर वाचलं.

माती_मास्तर

पालकावर नको. मुळा, गाजर, सांभार, पालक, जे कच्चं खातो किंवा मातीला टेकून वाढतं त्यावर कच्च्या कोंबडीखताचं पाणी मारायचंच नाही. त्यात साल्मोनेला, ई-कोलाय सारखे जंतू असतात, धुतल्यानं सगळे जात नाहीत. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमात कच्चं खत मातीत मिसळल्यापासून तोडणीपर्यंत १२० दिवस ठेवायला सांगितलं आहे, मातीला न लागणाऱ्या फळांना ९० दिवस. ढीग नीट तापला, ५५ अंशांवर काही दिवस राहिला, पालटला, तर ती भीती उरत नाही. आणि हे १२० दिवस मातीत मिसळल्यापासून मोजायचे, १८ नोव्हेंबरला ढीग घातला तरी त्या तारखेपासून नाही.

अजून एक, पुढच्या वेळी अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खत मिळालं तर हात अजून आखडता घ्या. कवच बनावं म्हणून त्यांच्या खाद्यात चुनखडी असते, ती खतात उतरते. आपल्या मातीत चुना आधीच काय कमी आहे. जास्त झाला की झाडाला लोह, जस्त उचलता येत नाही, पान पिवळं अन् शिरा हिरव्या. संत्रावाल्यांना विचारा, त्यांना हा पिवळेपणा चांगलाच माहीत आहे.

कामठी_९०

मधेच बोलतो. पोते हाताळताना मास्क अन् हातमोजे घाला, कोरडं खत उडतं. आणि ज्या फार्मवर कोंबड्या अचानक मरून राहिल्या तिथलं खत फुकट काय, पैसे देऊन पण घेऊ नका. डिसेंबर २०२४ मधे आपल्या गोरेवाड्याच्या प्राणी बचाव केंद्रातले तीन वाघ अन् एक बिबट बर्ड फ्लूनं गेले ते आठवतं ना. घाबरवत नाही, फक्त विचारून घ्या.

उमरेड_रोडवाला

मास्तर पकडलं तुम्ही मले. मे मधेच टाकतो जी. अक्षय तृतीयेच्या आगंमागं. बायकोनं वाचलं अन् म्हणते का तुम्ही मागच्या साली माह्या मिरचीच्या वाफ्यात काऊन टाकलं होतं मंग, तईच जळाली. मी म्हटलं बी खराब होतं.

गच्चीवरची_काकू

😂😂 भाऊ, हे बी बिचारं सगळीकडे बदनाम.

बेसा_बाग
१९ जानेवारी

अपडेट द्यायचा राहिला होता, माफ करा, घरी लग्न होतं.

ढीग १८ तारखेलाच घातला होता, अंगणातले ३ पोते अन् खरवडलेलं सगळं, त्यामुळे चांगला चार फुटांचा झाला. पाचव्या दिवशी सकाळी साडेसहाला मिस्टरांनी सब्बल (लोखंडी पहार) आत खुपसली, दहा मिनिटांनी काढली तर हातात धरवत नव्हती, भोकातून वाफ येत होती. बाहेर इतकी थंडी की आम्ही स्वेटरवर शाल घेऊन उभे. काका भिंतीवरून बघत होते, मग म्हणे पाणी गरम होईल का त्यावर. दुसऱ्यांदा पालटलं तेव्हा वास जवळजवळ गेला होता, आणि आता पाच पालट्या झाल्यावर काळसर, चहाच्या चोथ्यासारखं दिसून राहिलं, तूस मात्र अजून ओळखू येते. काकू, पिशवीची टेस्ट केली, थोडा मातीचा वास आला, झोंबलं नाही. काकांनी दोन घमेले आधीच सांगून ठेवले आहेत.

जळालेल्या वाफ्याचं मास्तरांनी सांगितलं तसंच केलं. पहिल्या कुंडीत १० पैकी ४ च उगवले, अजून दहा दिवस थांबली, मग ९ उगवले. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथं मेथी टाकली आणि ती इतकी हिरवीगार आली की पानं तळहाताएवढी म्हणायची फक्त बाकी राहिली. वांग्याची चार रोपं पण तिथंच लावली, ती मात्र नुसती पानांनी भरून गेली, फुलं मोजून तीन. नत्र अजून जास्त असेल ना मास्तर? की थांबू?

शेणखताच्या बाजूचा सांभार काल कापला. सासूबाईंनी सांभारवडी करायला घेतली आणि निवडल्यावर लक्षात आलं की एवढ्यात दहाच वड्या होतील, घरी माणसं आठ. मग मिस्टर गाडी काढून कॉटन मार्केटला गेले अन् चार जुड्या घेऊन आले.

माती_मास्तर

वांग्याला आता काहीच देऊ नका, पाणी पण जरा ताणून द्या, फुलं येतील. भेंडीच्या वाफ्यात चौरस मीटरला अर्धा किलोच टाका, मोजून. मिस्टरांना पोत्याजवळ जाऊ देऊ नका.