पास्काच्या रात्रीची तयारी: विस्तव, मेणबत्ती, धूप आणि दिवे (इंदूर)

चिमणबाग_इंदूर
जय येशू मंडळी. पवित्र शनिवारच्या रात्रीच्या, म्हणजे पास्काच्या (ईस्टरच्या) आदल्या रात्रीच्या उपासनेची सगळी बाहेरची तयारी यंदा आमच्या पल्लीत (पॅरिशमध्ये) तरुण मंडळाकडे आली आहे. फादरांनी मिस्साग्रंथ (मिस्सेच्या उपासनेचं पुस्तक) दाखवला, पण त्यात 'मोठा विस्तव तयार करावा' एवढंच आहे. कशाचा, किती, कधी पेटवायचा, हे काही नाही. चर्च मध्यम आहे, तीनशेच्या आसपास माणसं, पुढे पेव्हर ब्लॉकचं अंगण, आत कोटा फरशी, इन्व्हर्टर आहे. मिस्सा हिंदीत असते, पण मराठी घरं बरीच असल्याने एक वाचन मराठीत घ्यायचं म्हणतात. एका बाळाचा बाप्तिस्माही त्याच रात्री आहे. मुख्य अडचणी अशा: धूपदानातला कोळसा मध्येच विझतो, पास्काच्या मोठ्या मेणबत्तीत धुपाचे पाच खडे (खिळ्यासारख्या टोकाचे) खोचताना मेण तडकतं, आणि दिवे नेमके कधी लावायचे यावर दरवर्षी वाद होतो. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

जुना_वेदीसेवक
आधी वेळ ठरवा. ही उपासना अंधार पडल्यावरच सुरू करायची असते आणि रविवारी उजाडायच्या आत संपवायची असते. एप्रिलच्या सुरुवातीला इंदूरला सूर्य पावणेसातला मावळतो, म्हणून साडेसातच्या आधीची वेळ छापूच नका. पश्चिमेला उजेड असताना विस्तव पेटवला तर पुढच्या सगळ्याची मजाच जाते.

विस्तवासाठी मोठं लोखंडी घमेलं घ्या आणि चार विटांवर ठेवा. थेट पेव्हरवर ठेवलंत तर ब्लॉक तडकतात, कधी कपची उडते. तळाशी दोन बोटं कोरडी वाळू, वर तीन-चार किलो वाळलेली लाकडं, बाभळीची किंवा आंब्याची, आणि मधल्या पोकळीत नारळाच्या शेंड्या व दहा-बारा कापराच्या वड्या. रॉकेल नको. काळा धूर होतो आणि वास कपड्यांबरोबर आत येतो. पेट्रोलचं तर नावच काढू नका, अंधारात लोक अगदी जवळ उभे असतात. नुसत्या कापरावरही भागवू नका. पाच मिनिटं छान दिसतो, पण निखारा मागे ठेवत नाही, आणि धूपदानात जाणारे निखारे याच विस्तवातून उचलायचे असतात. म्हणून लाकडं वीस मिनिटं आधी पेटवा, फादर येतील तेव्हा खाली निखारे आणि वर ज्वाळा असतील. लांब चिमटा, पाण्याची बादली, वाळूची बादली, आणि मांडवाचं कापड निदान दहा-बारा फूट लांब.

आता मेणबत्ती. ती मेणाचीच, दरवर्षी नवी आणि एकच असावी असा नियम आहे. गेल्या वर्षीच्या मेणबत्तीवर शेवटचा आकडा नवा चिकटवून भागवणारे आहेत, पण ते चालत नाही. आतून तेलाचा दिवा असलेली प्लास्टिकची नळीही नाही चालत. विकत घेताना आधी समईच्या, म्हणजे स्टँडच्या खोबणीचा व्यास मोजून न्या. जाड निघाली तर बूड तासत बसावं लागतं, बारीक निघाली तर कागद कोंबावे लागतात आणि मिरवणुकीनंतर ती एका बाजूला कलते.

मेणबत्तीवर कोरायचा क्रूस आधी उभा, मग आडवा, मग वर अल्फा, खाली ओमेगा (ग्रीक लिपीचं पहिलं आणि शेवटचं अक्षर). सालाचे चार आकडे क्रूसाच्या चार कोपऱ्यांत: २०२६ असेल तर २ वर डावीकडे, ० वर उजवीकडे, २ खाली डावीकडे, ६ खाली उजवीकडे. धुपाचे खडे असे: पहिला वर, दुसरा मध्ये, तिसरा खाली, चौथा डावीकडे, पाचवा उजवीकडे. बरेच जण वरून खाली आणि मग डावी-उजवी सोडून घड्याळासारखे फिरतात, तेव्हा फादरांची प्रार्थना आणि हात जुळत नाहीत.

मेण तडकतं कारण थंड, कडक मेणात खिळा जोराने दाबला जातो. शनिवारी दुपारी खड्याच्या खिळ्यापेक्षा किंचित बारीक खिळा मेणबत्तीच्या ज्योतीवर गरम करा आणि पाच भोकं आधीच पाडून ठेवा. रात्री फक्त बोटाने खोचायचं. भोकाच्या कडेला मेणाचा कंगोरा उरतो, तो नखाने काढा, नाहीतर खडा बाहेर डोकावतो.

आणखी एक: नवी वात जाड आणि मेणात बुडालेली असते, वाऱ्यावर चटकन धरत नाही. टोकाचं अर्धा इंच मेण खरवडून धागे थोडे मोकळे करा. विस्तवातून ज्योत आणायला लांब वातकाडी ठेवा. काडेपेटीने पेटवणं म्हणजे नव्या विस्तवाचा अर्थच घालवणं.

मोरारकर
ग्वाल्हेरकडून कोळशाबद्दल लिहितो. चकत्यांचा झटपट पेटणारा कोळसा घेत असाल तर त्याला ओलावा अजिबात चालत नाही. गेल्या वर्षीचं अर्धं फोडलेलं पाकीट सॅक्रिस्टीच्या (उपासनेचं सामान ठेवायच्या खोलीच्या) कपाटात राहिलेलं असतं, तेच काढतात आणि तडतड करून ते विझतं. नवं पाकीट आणा, एक चकती गुरुवारीच पेटवून पाहा. चिमट्यात धरून कडेने पेटवा, ठिणग्या पूर्ण आरपार गेल्या आणि कडा राखाडी झाल्या की मगच धूप. काळ्या चकतीवर धूप टाकला की ती गुदमरते. विझण्याचं निम्मं कारण हेच, आणि उरलेलं म्हणजे धूपदानाच्या तळाची भोकं जुन्या राळेने बुजलेली असतात. धूपदान गरम पाण्यात घालून तारेने ती भोकं मोकळी करा.

एक चकती पाऊण तास नीट चालते. या रात्री धूप लागतो तो विस्तवापाशी, पास्काच्या घोषणेपूर्वी (मेणबत्तीपाशी गायचं लांब गीत), शुभवर्तमानाला, अर्पणाला आणि प्रतिष्ठेच्या (भाकर-द्राक्षारस पवित्र करण्याच्या) वेळी. मधली वाचनं तासभर खातात. तेव्हा वाचनं सुरू होताच धूपदान बाहेर न्यायचं आणि ग्लोरियाच्या (जुन्या करारातल्या वाचनांनंतरच्या स्तुतिगीताच्या) दहा मिनिटं आधी दुसरा निखारा तयार ठेवायचा, हे काम एकाच मुलाला द्या आणि त्याला दुसरं काही सांगू नका. विस्तवातलेच निखारे वापरले तर करवंटीचा कोळसा मिसळून ठेवा, लाकडाचा निखारा फार लवकर राख होतो.

धूप म्हणून कपातला सुगंधी 'धूप' नको, त्यात शेण-भुसा असतो आणि नुसता धूर होतो. सियागंज किंवा मारोठियात पंसाऱ्याकडे लोबान मिळतो, खडा हाताला चिकट न लागणारा घ्या, वाटाण्याएवढा फोडा. एका वेळी अर्धा चहाचा चमचा पुरतो. जास्त टाकला तर राळ वितळून निखाऱ्यावर थर बसतो, आणि पुढच्या रांगेतले खोकायला लागतात ते वेगळंच.

चिमणबाग_इंदूर
फार उपयोगी, दोघांचेही आभार. दिव्यांचा वाद कोणी मिटवाल का? आमच्याकडे एक गट म्हणतो ग्लोरियापर्यंत पूर्ण अंधार. दुसरा म्हणतो वाचकाला दिसत नाही. आणि सात वाचनं घ्यायचीच का?

फतेगंज_बडोदा
मिस्साग्रंथात याचं उत्तर स्पष्ट आहे. मेणबत्ती आत नेताना तीनदा 'ख्रिस्ताचा प्रकाश' असा घोष होतो. दारात पहिला घोष, तिथे फादर आपली मेणबत्ती पेटवतात. चर्चच्या मध्यावर दुसरा घोष, तेव्हा लोकांच्या मेणबत्त्या पेटतात. वेदीपुढे तिसरा घोष झाला, मेणबत्ती स्टँडवर गेली, की चर्चचे दिवे लावायचे. फक्त वेदीवरच्या मेणबत्त्या ग्लोरियापर्यंत थांबतात. म्हणजे वाचनं काळोखात करायची गरजच नाही. पूर्ण अंधार ग्लोरियापर्यंत ताणणं ही प्रथा आहे, नियम नव्हे. माझं मत विचाराल तर तिसऱ्या घोषाला अर्धे दिवे लावा, वेदीचा भाग आणि वाचनमंचावरचे, उरलेले ग्लोरियाला. दोन्ही गट गप्प होतात.

खरी गोची इन्व्हर्टरची असते. कोणीतरी हुशारीने मेन बंद करतो आणि इन्व्हर्टर क्षणात सगळे एलईडी लावून देतो. मेन बंद केलीत तर माइकही जातो. म्हणून एमसीबीला हात न लावता एकेक स्विच बंद करा आणि जे स्विच पुन्हा लावायचे त्यांच्यावर पांढऱ्या पट्टीने आकडे लिहा: १ तिसऱ्या घोषाला, २ ग्लोरियाला. अंगणातला माणूस दिसताच पेटणारा हॅलोजन, ग्रोटोची (मारियेच्या गुहेची) रोषणाई, क्रूसामागची ट्यूब, हे हटकून विसरतात. स्विचबोर्डाशी उभा राहणारा उपासना ओळखणारा असावा. नुसता इलेक्ट्रिशियन उभा केलात तर तो खूण होण्याची वाट बघत बसतो.

पंखे बंद करावे लागतात, नाहीतर मेणबत्त्या टिकत नाहीत. एप्रिलची उकाड्याची रात्र, दारं उघडी ठेवा, पण वारा वाहतो त्या बाजूची नको. घोषणा संपून लोकांनी मेणबत्त्या विझवल्या की पंखे लगेच सुरू. घोषणा गाणाऱ्याला पुस्तकावर छोटी क्लिपची बत्ती द्या, ज्योतीच्या उजेडात बारीक हिंदी टाइप दिसत नाही. घोषणेचं लांब रूप दहा मिनिटांच्या आसपास जातं, छोटं रूपही मान्य आहे. ओळखीच्या चालीत छोटं गाणं बरं, अडखळत लांब नको.

लोकांच्या मेणबत्त्या दोनदा लागतात, घोषणेपर्यंत आणि बाप्तिस्म्याच्या वचनांच्या नूतनीकरणाला. वाढदिवसाच्या बारीक काड्या पहिल्याच फेरीत संपतात, तेव्हा पाऊण तास जळणारी घ्या. कागदी पेल्याच्या बुडाला फुली मारून त्यातून मेणबत्ती खालून वर सरकवली की मेण हातावर येत नाही. आणि हे माइकवर आधीच सांगा: पेटलेली मेणबत्ती सरळ उभी, न पेटलेली तिच्याकडे वाकवायची. उलट केलं की मेण फरशीवर, साडीवर, पुढच्याच्या पाठीवर.

वाचनांबद्दल: जुन्या करारातून सात आहेत. अडचण असेल तर कमी करता येतात, पण निदान तीन, नियमशास्त्र आणि संदेष्टे दोन्हीकडची. निर्गम १४ कधीच वगळायचं नाही.

जुना_वेदीसेवक
वाचनांवर थोडा वेगळा सूर लावतो. 'निदान तीन' ही सवलत आहे आणि ती दरवर्षीची रीत होऊन बसलीय. तीनशे माणसांच्या शहरी पल्लीत पाच सहज होतात. वेळ वाचनात जात नाही, वाचक पाचव्या रांगेतून चालत येण्यात, माइक खाली-वर करण्यात आणि चष्मा शोधण्यात जातो. सगळे वाचक पहिल्या बाकावर बसवा, वाचन-स्तोत्र-प्रार्थना असा क्रम कागदावर देऊन ठेवा. वाचन आणि स्तोत्राला लोक बसतात, प्रार्थनेला उभे राहतात.

निर्गमाचं वाचन संपतं तेच मोशे आणि इस्राएलच्या गीताने, म्हणून गाणाऱ्यांनी तिथेच सूर उचलायचा. पेटीवाला पानं उलटत राहिला तर सगळा जोर जातो.

मराठीत वाचायचं तर यशया ५५ घ्या, छोटं आणि वाचायला सरळ. बारूख देऊ नका. बहुतेक मराठी घरांत जे पवित्र शास्त्र असतं त्यात बारूखाचं पुस्तक नसतं, वाचक आठवडाभर शोधत बसतो. कॅथलिक मराठी वाचनग्रंथातून मोठ्या अक्षरात छापून द्या. मोबाइलवरून वाचायला देऊ नका, मध्येच फोन येतो.

घंटा! गुरुवारच्या ग्लोरियानंतर घंटेची दोरी बांधून ठेवतात, ती शनिवारी संध्याकाळी सोडायची कोणाच्याही यादीत नसते. ग्लोरियाला सगळे वर बघतात आणि वर शांतता.

बाप्तिस्मा आहे म्हणजे संतांची प्रार्थनामाला होणार. पास्काकाळ सुरू झालेला असतो, त्यामुळे ती उभ्यानेच. सवयीने निम्मे लोक गुडघे टेकतात, आधी सांगा.

सिल्व्हिया_मावशी
पाण्याचं आणि तेलाचं राहिलं, ते मी लिहिते.

पाणी पंचवीस-तीस लिटर, रुंद तोंडाच्या स्टीलच्या भांड्यात, चर्चमध्ये आधीच ठेवलेलं. रिकामं भांडं मिस्सेत भरायला लागू नका, नळाचा आवाज माइकमध्ये येतो. आशीर्वादाच्या वेळी फादर मेणबत्तीचं बूड पाण्यात उतरवणार असतील तर भांडं काठापासून चार बोटं रिकामं हवं. शेजारी जाड टर्किश टॉवेल, ओली मेणबत्ती हातातून निसटते. शिंपडायला कडुलिंबाची डहाळी नको, पानं झडून लोकांच्या केसांत जातात. आसोपालवाची दाट डहाळी पाणी बरं धरते. घरी न्यायचं पाणी वेगळ्या टाकीत, नळाच्या, दाराबाहेर टेबलावर. नाहीतर मिस्सा संपताच सगळे बाटल्या घेऊन वेदीकडे.

बाळासाठी दोन कुप्या लागतील: दीक्षार्थींचं (बाप्तिस्मा घेणाऱ्यांचं) तेल छातीला, क्रिझमा (सुगंधी पवित्र तेल) टाळूला. बिशपांनी यंदाच्या क्रिझम मिस्सेत आशीर्वादलेलंच तेल आणा. कुपीवरची अक्षरं बघा, आजाऱ्यांचं तेल तिसरं, ते इथे नको. जुनं तेल मोरीत ओतू नका, कापसात घेऊन जाळतात. कुप्यांत कापूस घट्ट भरू नका, अंगठा पोचत नाही. फादरांचे हात पुसायला लिंबाची फोड आणि पावाचा तुकडा ताटलीत, नुसत्या पाण्याने तेल जात नाही. बाळाचं पांढरं वस्त्र आणि छोटी मेणबत्ती आईबाबांकडे नाही, धर्ममातेकडे द्या, आईचे हात बाळात गुंतलेले असतात. बाळाची मेणबत्ती पास्काच्या मेणबत्तीवरूनच पेटवायची.

मेणबत्त्यांची पेटी कपाटाच्या वर किंवा खिडकीशी ठेवू नका, इंदुरी दुपारी त्या वाकतात. आडव्या, वर्तमानपत्रात गुंडाळून, खालच्या कप्प्यात.

कोटा फरशीवरचं मेण रविवारच्या सकाळच्या मिस्सेआधी काढावं लागतं, त्यावर पाय सरकतो. गार झाल्यावर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, सुरीने नको, फरशीवर रेघा उठतात. उरलेल्या डागावर साधा तपकिरी कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा, मेण कागद पितो. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. वेदीवरच्या कापडालाही हेच, वर-खाली दोन्हीकडे कागद. खरवडलेलं मेण पाण्याबरोबर मोरीत गेलं तर नळीत घट्ट होऊन बसतं, ते डब्यात गोळा करा. आणि दाराजवळची तीर्थपात्रं सकाळी नव्या पाण्याने भरायला कोणाला तरी आत्ताच सांगून ठेवा, रात्री थकून सगळे घरी जातात.