पिशवीचं ऑपरेशन: कमरेतलं इंजेक्शन की पूर्ण भूल? नंतर कशाने कमी दुखतं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आईचं (वय ५२) गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन पुढच्या गुरुवारी आहे. फायब्रॉइड (पिशवीतल्या गाठी) मोठे आहेत म्हणून दुर्बिणीतून नाही, पोट उघडूनच करणार. भूल देणाऱ्या मॅडमनी दोन्ही चालेल म्हणून सांगितलंय, एक तर पूर्ण भूल आणि शेवटी पोटाच्या दोन्ही बाजूंना ब्लॉक (बधिर करायचं इंजेक्शन), नाहीतर कमरेत स्पायनल (कमरेतलं भुलीचं इंजेक्शन) आणि त्यातच थोडं मॉर्फिन (दुखणं थांबवणारं जोरदार औषध). ठरवायचं आम्ही.

आई स्पायनलला अजिबात तयार नाही. मावशीची कंबर सिझरपासून दुखते आणि ते त्या सुईमुळेच असं घरात सगळ्यांनी पक्कं धरलंय. मॅडम म्हणाल्या टोचलेली जागा दोन-चार दिवस दुखते, पण वर्षानुवर्षांची कंबरदुखी त्याने येत नाही, बाळंतपणानंतर ती तशीही बऱ्याच जणींना असते. पण आई ऐकेल तर ना.

माझी स्वतःची भीती वेगळी आहे. माझं सिझर स्पायनलखाली झालं, तीन-चार तास पाय बधिर होते तोवर काहीच वाटलं नाही म्हणून मी सलाईनमधली दुखण्याची औषधंही नको म्हटलं आणि मग रात्री असं दुखायला लागलं की कूस बदलता येईना, बाळाला घेता येईना, औषध आलं ते चढेपर्यंत रडत होते. आईचं तसं व्हायला नकोय. ज्यांचं पोट उघडून झालंय त्यांनी प्लीज पहिल्या रात्रीचा अनुभव सांगा.

प्रतिसाद १:
माझं मॉर्फिनवालं स्पायनल होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टाके ओढल्यासारखे वाटायचे, बस. पण नाकाला आणि तोंडाला खाज खूप आली, मळमळलं पण. बधिरपणा काही तासांत जातो, मॉर्फिन साधारण दिवसभर पुरतं. तुम्हाला बहुतेक साधं स्पायनल दिलं असेल, विचारून बघा. आणि पॅरासिटामॉल वेळेवर चालू ठेवायला सांगा, दुखायची वाट बघायची नाही.

प्रतिसाद २:
वहिनीला पूर्ण भूल आणि ब्लॉक होता. वरचे टाके शांत होते पण आतून पाळीसारख्या कळा येत होत्या, ब्लॉकने पोटाची भिंत बधिर होते, आतलं दुखणं राहतं. त्यासाठी सलाईनमधून वेगळं औषध दिलं. पूर्ण भुलीत घशात घातलेल्या नळीमुळे घसा एक दिवस दुखला. आईंना घोरायचा किंवा झोपेत श्वास अडकायचा त्रास असेल तर मॅडमना आधीच सांगा, मॉर्फिनने श्वास मंदावू शकतो म्हणून ते बघून ठरवतात.

धागाकर्ती:
दोघींचे खूप आभार. आईला फोनवर वाचून दाखवलं, खाज चालेल म्हणाली! पण ती घोरते, आणि हे आम्ही मॅडमना सांगितलंच नव्हतं. उद्या सकाळीच फोन करते. मॉर्फिन दिल्यावर रात्री नर्स श्वास किती वेळाने तपासतात, कोणाला आठवतंय का? खोलीत मी एकटीच असणार आहे.