पसारा मनात असतो की कपाटात?
(टोपणनावांनी लिहिणाऱ्या चौघांची चर्चा)

सुतळीचा तोडा
आवरायचं ठरलं की आधी नवे डबे आणि खोकी येतात. महिन्याभरात तीही भरतात. कारण पसारा म्हणजे पुढे ढकललेले निर्णय, आणि ते जागेपायी नाही, भावनेपायी ढकलले जातात.

महागाची वस्तू न वापरता पडून असते, कारण टाकली तर पैसे वाया गेल्याची कबुली द्यावी लागते. (पैसे तर वस्तू विकत घेतली त्याच दिवशी गेले, पण वस्तू घरात असेपर्यंत हिशेब उघडा ठेवता येतो.) दुसरी ती भीती: 'असू दे, लागेल कधीतरी.' सगळ्यात चिवट असतं ते आपण जे होणार होतो त्याचं सामान. न वाजवलेली गिटार, व्यायामाची सायकल, दोन मापं लहान झालेले कपडे. ते द्यायचं म्हणजे 'आता हे होणे नाही' असं स्वतःला सांगायचं.

वर मालकीचा मोह असतोच. काहनमन, नेच आणि थेलर या संशोधकांचा १९९०चा कॉफीच्या मगांचा प्रयोग प्रसिद्ध आहे: ज्यांना मग दिला होता त्यांनी विकायला मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या दुपटीच्या घरात होती. तो मग त्यांच्याकडे येऊन फार वेळही झाला नव्हता. दहा वर्षं कपाटात राहिलेल्या वस्तूचं काय होत असेल!

कडी-कोयंडा
पटत नाही. घरोघरचा पसारा बघा: खुर्चीची पाठ, टेबलाचा कोपरा, फ्रिजचा माथा. तिथे चार्जर, बिलं आणि एकदा घातलेले शर्ट. यात कसली आली भावना? एकदा घातलेला शर्ट धुवायलाही जात नाही आणि धुतलेल्यांतही बसत नाही. त्याला घरात जागाच ठरलेली नाही, म्हणून खुर्ची. भिंतीला दोन हुक ठोका, खुर्ची मोकळी.

खणाचंही तेच. एक वस्तू काढायला दुसरी हलवावी लागली की पहिली परत आत जात नाही, वरच राहते. म्हणून पाचवा हिस्सा रिकामा ठेवायचा. आणि आवक? आठवड्याला पाच वस्तू आल्या, दोनच गेल्या, तर वर्षाला १५६ वाढल्या. मन कितीही हलकं करा, ही वजाबाकी चुकत नाही.

सुतळीचा तोडा
हुक मान्य. पण तुम्ही सांगताय तो वाहता पसारा. माळ्यावर साचलेल्या खोक्यांना हुक कुठे ठोकणार?

रिकामी बरणी
एक फरक दोघांच्याही बोलण्यात सुटतोय. होर्डिंग डिसऑर्डर (सामान साठतच जाणं आणि काहीच टाकता न येणं हा मानसिक आजार) हे २०१३पासून, डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेमध्ये, स्वतंत्र निदान आहे. तिथे निकष सामान किती हा नाही. टाकताना होणारा त्रास, आणि ओट्यावर स्वयंपाक करता येत नाही, पलंगावर झोपता येत नाही इतकी अडलेली जागा, हे बघतात. अशा घरात तो माणूस बाहेर असताना नातेवाईक ट्रक भरून सामान काढतात, ही सगळ्यात मोठी चूक. सामान परत भरतं, विश्वास मात्र परत येत नाही. पुढच्या वेळी दारच उघडत नाही. नैराश्यात किंवा एडीएचडीत (लक्ष टिकवणं अवघड जातं त्या अवस्थेत) तर पसारा हा परिणाम असतो. तिथे 'शिस्त लावा' म्हणणं म्हणजे मोडक्या पायाला धाव म्हणणं.

शेवटचा खण
वाद चालू द्या, पण साचलेल्या सामानात हात घालायचा क्रम तरी सांगून ठेवते. आधी मुदत संपलेली औषधं, तुटकं, दुहेरी. पत्रं आणि फोटो अगदी शेवटी. बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि पहिल्या पाकिटातच दुपार संपते. एका वेळी एकच खण, २० मिनिटं, गजर लावून. ढीग तीन: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. 'बघू' नावाचा चौथा ढीग केलात की बाकीचे तीन उपाशी राहतात. अगदीच हवा तर एकच खोकं, चिकटपट्टी लावून वर सहा महिन्यांनंतरची तारीख.

जीव अडकलेली वस्तू देताना त्रासाला ० ते १० गुण द्या, कागदावर लिहा. तासाने पुन्हा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. आकडा बहुधा उतरतो, आणि स्वतःच्या अक्षरातला उतरलेला आकडा कोणाच्याही उपदेशापेक्षा पटतो. द्यायची पिशवी मात्र त्याच आठवड्यात घराबाहेर. दाराशी राहिलेली पिशवी कोणीतरी उघडतंच.

कडी-कोयंडा
चार्जरला कोण गुण देत बसणार? आठवणींपुरतं ठीक. एक भर घाला: दुसऱ्याच्या खणाला हात लावायचा नाही. आपला तो संग्रह आणि दुसऱ्याची ती अडगळ, यावरून घरात जेवढी भांडणं होतात तेवढी धुळीवरून होत नाहीत.

सुतळीचा तोडा
म्हणजे भावना आलीच की! बरं, तुमच्या त्या दोन हुकांवर तीन महिन्यांनी सात शर्ट लटकत असतील तर?

कडी-कोयंडा
तर पाच शर्ट जास्त आहेत.