दिवाळीनंतर चौघं, चार तऱ्हेच्या सायकली, संभाजीनगरहून कुठं जावं?

छावणीकर_४०:
नमस्कार मंडळी. भाऊबीजेला पुण्याहून मेहुणा येतोय, सोबत त्याची रोड बाईक आणतोय. गेल्या वर्षी त्यानं २०० ची बीआरएम (ठरलेल्या वेळेत २०० किलोमीटर सायकल मारायची असते ती) केली, साडेतेरा तासांच्या आत, त्यामुळं घरात दुसरा विषय नाही. मी हायब्रिडवर रविवारी ३०-४० मारतो, दमतो पण येतो घरी. बायकोनं दोन महिन्याखाली गिअरची सायकल घेतलीय, छावणीत १०-१२ किलोमीटर फिरते, चढ अजून पाहिलाच नाही म्हणा. आणि वडील. वय ६३, काळी बिनगिअरची सायकल, जन्मभर त्याच्यावरच शाळेत गेले शिकवायला, ते म्हणतेत मीबी येतो.
आता चौघांना एका दिवशी एका रस्त्यावर कसं न्यावं? बघायलाही काहीतरी पाहिजे, जालना रोडसारखं गाड्यांचा धूर खात जायचं नाही. मी पैठण ठरवलं होतं कारण सपाट आहे. कुणी गेलंय का असं मिक्स घेऊन?

घाटातला_गडी:
पैठण नका करू भाऊ. सपाट आहे हे खरंय, पण जायचेच ५० च्या वर होतेत आणि चितेगाव बिडकीनपर्यंत ट्रकांचीच सोबत. मजा सगळी शेवटाला, नाथसागराच्या भिंतीवर. म्हंजे जो अर्ध्यातून परत फिरला त्याला ना धरण दिसलं ना नाथ महाराज, नुसते ट्रक पाहून आला. मेहुण्याला एकट्याला पाठवा तिकडं.
मिक्स मंडळी असली की रस्ता असा पाहिजे की कुठूनही माघारी फिरलं तरी काहीतरी बघून झालेलं असावं. आपल्याकडं असा एकच, दौलताबाद-खुलताबाद-म्हैसमाळ. पायऱ्या आहेत बघा. नगरनाका, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर करत दौलताबाद साधारण १५ किलोमीटर, थोडं खालीवर पण चढ म्हणावा असा नाही, आणि नोव्हेंबरात सकाळी किल्ला धुक्यातून नुसता वरचा निम्मा दिसतो. तिथून पुढं घाट, घाट चढला की कागजीपुरा, मग खुलताबाद, म्हंजे घरापासून २५ धरा. तिथून म्हैसमाळ आणखी बारा-एक. शहर समुद्रसपाटीपासून ५७० मीटरच्या आसपास, म्हैसमाळ १०६७, म्हणजे ५०० मीटर निव्वळ चढायचे, आणि त्यातला शेवटचा टप्पा पुणेकरालाही घाम फोडतो.
वडील किल्ल्यापर्यंत, वहिनी जमलं तर खुलताबाद, तुम्ही दोघं वर. वेरूळचा मोह नको. खुलताबादहून वेरूळला उतार लागतो म्हणून माणूस हसत हसत खाली जातो आणि येताना तोच घाट ऊन डोक्यावर घेऊन चढावा लागतो. मी चुलतभावाला असाच नेला होता पहिल्यांदा. घृष्णेश्वराचं दर्शन झकास झालं, परतीला पठ्ठ्याच्या मांड्या आखडल्या, छोटा हत्ती थांबवून सायकल न तो दोघंबी कोबीच्या पोत्यांवर. वर्ष झालं, अजून बोलत नाही नीट.
आन एक, "वर भेटू" असं ठरवूच नका. घड्याळावर ठरवा. साडेआठ वाजले की जो जिथं असंल तिथून माघारी. पुढचा जास्त लांब गेलेला असतो पण उतारानं लवकर येतो, त्यामुळं सगळे एकाच वेळेला किल्ल्यापाशी जमतेत. आम्ही बारा-पंधरा जण असंच करतो, कुणाला कुणाची वाट बघत बसावी लागत नाही.
घाटात तो जुना दगडी दरवाजा आहे ना, रस्ता त्याच्यातूनच जातो, तिथं एका वेळी एकच मोठी गाडी मावते. बस दिसली की खाली उतरून बाजूला थांबायचं, घासाघीस करायची नाही.

बाभूळकाटा:
वरच्यांनी रस्ता बरोबर सांगितला पण मेहुण्याच्या टायरचं कुणी बोललंच नाही 😀 पावसाळा संपला की कडेच्या वेड्या बाभळी तोडतेत, फांद्या कुंपणाला नेतेत, आणि काटे रस्त्याच्या साइडपट्टीवर राहतेत. काळ्या सायकलच्या जाड टायरला फरक पडत नाही, रोड बाईकच्या २८ मिलिमीटरच्या बारीक टायरला पडतो. गाडी येत नसंल तर पांढऱ्या पट्टीच्या आतच चालवा.
पंक्चर झालं तर नुसती ट्यूब बदलून मोकळं होऊ नका. टायरच्या आतून हळूच बोट फिरवा, काट्याचं टोक मोडून आत राहिलेलं असतं, वरून दिसतच नाही. मी एकदा एकाच काट्यावर दोन ट्यूबा घालवल्या, तिसरी नव्हती म्हणून शहाणपण आलं. छोटा चिमटा ठेवा.
आणि त्याच्या ट्यूबचा वॉल बारीक असणार, गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. पितळेचा एवढासा अॅडाप्टर मिळतो, चाळीस-पन्नास रुपयाला, तो खिशात असला की गावातला पंप चालतो.

लातूरचा_पायडल:
तुमच्याकडं निदान घाट तरी आहे राव. आम्ही लातूरहून औशाला जाऊलालोय दर रविवारी, २० किलोमीटर, भुईकोट किल्ला, चहा, परत. ज्याला दम आहे तो तेवढंच आणखी पुढं खरोशाच्या लेण्यापर्यंत जातो, म्हंजे तीच पायरीची आयडिया, फक्त पायऱ्या आडव्या. हिरवी तूर, मधीच ज्वारी, आभाळ मोठ्ठं. पण एकदा कारखाने सुरू झाले की उसाच्या डबल ट्रॉल्या. मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, आणि ट्रॅक्टरवाल्यानं गाणं एवढं मोठं लावलेलं असतंय की त्याला तुमची घंटी काय, ट्रकचा हॉर्न बी ऐकू येत नाही. मागच्या साली अंधारात मी एका ट्रॉलीच्या इतकं जवळ गेलो की उसाचं वाढं तोंडावर आलं. तवापासून उजाडल्याबिगर निघत नाही. तुमच्याकडंबी गंगापूर, पैठणच्या बाजूला ऊस आहेच, ध्यानात ठेवा.

सकाळी_साडेपाच:
सगळ्यांनी वहिनींचं ठरवून टाकलं, त्यांना विचारलं का कुणी? मी स्वतः दोन वर्षांपूर्वी अशीच नवखी होते आणि आमच्या ग्रुपमधल्या भावांनी मला "तू किल्ल्यापर्यंतच" असं परस्पर सांगून टाकलं होतं. मी खुलताबादला गेले. अर्धा घाट सायकल ढकलत गेले, पण गेले.
तर त्यांना हे सांगा: पुढची छोटी चकती घाट लागायच्या आधीच टाकायची, चढावर जोर लावून गिअर बदलला की चेन उतरते आणि मग ग्रीसचे हात घेऊन भर चढावर उभं राहावं लागतं. सीटची उंची बघा, आपल्याकडे सगळ्या बायका सीट खाली ठेवतात कारण थांबल्यावर पाय टेकले पाहिजेत, मग गुडघे धरतात आणि दोष सायकलीला. बाथरूमची सोय किल्ल्यासमोरच्या हॉटेलात बघून घ्या, पुढे भरवसा नाही, हे पुरुषांच्या लक्षात येत नाही म्हणून लिहिते.
बाकी नोव्हेंबर छान आहे. श्रावणातल्या शनिवारी मात्र चुकून जाऊ नका, भद्रा मारुतीला रात्रीपासून पायी जाणाऱ्यांनी रस्ता भरलेला असतो, सायकल हातात धरून चालावं लागेल.

घाटातला_गडी:
ताईंचं बरोबर आहे, माझी चूक. वडिलांच्या सायकलचं राहिलं. त्या काळ्या सायकलला सळईचे ब्रेक असतेत, रबर झिजलेलं असलं तर लांब उतारावर लागतच नाहीत. वीस रुपयाचे रबर आहेत, बदलून टाका. आन ते घाट चढलेच तर उतरताना बसू देऊ नका, पायी आणा. मास्तर लोक ऐकत नाहीत, मला माहितीय.
मेहुण्याला समृद्धीवर जायची हुक्की आली तर आधीच सांगा, तिथं सायकल काय मोटारसायकललाबी परवानगी नाही.

छावणीकर_४०:
गेलो होतो काल. थोडक्यात लिहितो, बसवत नाही अजून.
सहाला निघालो, लाईट लावून. मिटमिट्याच्या पुढं उजाडलं. वडील सगळ्यात पुढं, खरं सांगतो, सपाटीला मेहुणा त्यांच्या मागं मागं गप्पा मारत होता आणि ते त्याला कोणत्या शेतात काय पेरलंय ते सांगत होते, त्याला तूर आणि कापूस वेगळं ओळखता येईना हे त्यांना फार लागलं. किल्ल्यापाशी म्हणाले, मी इथंच बसतो, तुम्ही या. रबर बदलले होते तरी घाटाला नाही म्हणाले, मला उलट बरं वाटलं.
बायको खुलताबादला पोचली. दोनदा उतरली, चेन एकदाच पडली (माझी, तिची नाही). मी म्हैसमाळच्या अलीकडं चारेक किलोमीटरवर होतो तेवढ्यात साडेआठ झाले, लई जीवावर आलं पण फिरलो. मेहुणा गिरिजादेवीपर्यंत जाऊन आला आणि उतारावर मला गाठलं. पंक्चर त्याचंच झालं, शरणापूरजवळ. बोट फिरवलं तर खरंच आतून टोचलं, काळं बारीक टोक, चिमट्यानं काढलं. अॅडाप्टर होता म्हणून वाचलो, बाभूळकाटा भाऊ तुम्हाला एक चहा.
वडिलांनी तोपर्यंत सीताफळवाल्याशी ओळख काढली होती, त्याचा मोठा भाऊ ह्यांचा विद्यार्थी निघाला. दोन पिशव्या कॅरिअरला बांधल्या, राहिलेली चार मेहुण्याच्या जर्सीच्या मागच्या खिशात कोंबली, जावई माणूस, नाही म्हणता येईना. पंक्चर काढताना तो रस्त्याच्या कडेला टेकून बसला आणि चारही तिथंच फुटली. जर्सी पांढरी आहे आणि महागाची आहे. सीताफळाचे डाग कशानं निघतेत कुणाला माहीत असंल तर सांगा, तो उद्या चाललाय.