सांचीची तोरणं या वेळी नीट वाचायची आहेत, सल्ला हवा

कातळवाट: डिसेंबरात आईला घेऊन सांचीला जातोय. मुक्काम भोपाळला, सांचीसाठी एक अख्खा दिवस. मागे गेलो तेव्हा स्तूपाच्या तोरणांवरची, म्हणजे दगडी प्रवेशद्वारांवरची, नक्षी दिसली, गोष्टी कळल्या नाहीत. आईला जातककथा तोंडपाठ आहेत. त्या तिला दगडात ओळखता याव्यात असं फार वाटतं. सुरुवात कुठून करू?

पिंपळपान: पूर्व तोरणापासून, तेही सकाळीच, ऊन थेट त्यावर असताना. मधली तुळई, म्हणजे वरच्या आडव्या दगडांपैकी मधला, बघा. महाभिनिष्क्रमण आहे, सिद्धार्थाचा गृहत्याग. डावीकडे त्याचं नगर कपिलवस्तू. तिथून घोडा निघतो आणि उजवीकडे जाताना चार वेळा दिसतो. हे चार घोडे नव्हेत. त्याचा घोडा कंथक एकच, पुढेपुढे जाणारा. पाठ रिकामी, पण वर छत्र धरलंय, म्हणजे सिद्धार्थ स्वार आहे. टापा वाजू नयेत म्हणून देवांनी खूर हातांवर झेललेत. उजव्या टोकाला नुसती पावलं, समोर त्याचा सारथी छन्न गुडघे टेकून. आणि खाली परतीच्या वाटेवर तोच घोडा, आता छत्र नाही. माझे डोळे तिथे भरून आले होते. या तोरणांवर बुद्ध मानवरूपात कुठेच नाहीत. रिकामं आसन, बोधिवृक्ष, चक्र, पावलं दिसली की तिथे ते आहेत असं समजायचं. काकूंना एवढं आधी सांगून ठेवा. दुर्बीण मात्र हवीच, तुळया फार उंचावर आहेत.

जुनी_लेणी: पिंपळपानशी सहमत. दुसरं उत्तर तोरण घ्या. सगळ्यात खालच्या तुळईवर वेस्संतर जातक आहे, सर्वस्व दान करणाऱ्या राजपुत्राची कथा. गोष्ट पुढून सुरू होऊन मागच्या बाजूला संपते, त्यामुळे वळसा घालून मागे जायलाच हवं. बाहेरच्या बाजूवर हिवाळ्यात थेट ऊन येत नाही, हेही लक्षात असू द्या.
दक्षिण तोरणावर षड्दंत हत्तीची कथा आहे. अजिंठ्याच्या १० क्रमांकाच्या लेण्यात तीच रंगवलेली आहे, जमल्यास आधी ती बघून जा. याच तोरणावर दोन लेख आहेत. एकात सातवाहन राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाची नोंद आहे. दुसरा सांगतो की हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांचं. दगडात इतकं बारीक काम कसं साधलं, ते तिथे उमगतं.

हरिणपावलं: पुढेमागे कोलकात्याला गेलात तर भारतीय संग्रहालयातले भरहुतच्या प्राचीन स्तूपाचे कठडे चुकवू नका. तिथे बऱ्याच दृश्यांवर ब्राह्मीत नावं कोरलेली आहेत. जेतवन ही बाग बुद्धांसाठी नाणी अंथरून विकत घेतल्याची कथा आहे, तिच्या वर्तुळाकार शिल्पात बैलगाडीतून नाणी उतरवून जमिनीवर अंथरताना दिसतात.

कातळवाट: मनापासून आभार. आईला कंथकाबद्दल वाचून दाखवलं. ती म्हणाली, दिवसभर पूर्व तोरणापाशीच बसू.