पार्यता की वाहकता? पेशीपटलाच्या विभवांतराबद्दल

यावल, विद्यार्थिनी: पेशीच्या आत-बाहेरचा विद्युत फरक काढायच्या गोल्डमन समीकरणातल्या ‘पी’ला आमच्या टिपणांत एका पानावर ‘पार्यता’ म्हटलंय, पुढच्या पानावर ‘वाहकता’. दोन्ही एकच का? आणि उत्तराला ‘विभव’ म्हणायचं की ‘विभवांतर’?

धुळे, शिक्षक: ताई, एकच नाहीत. अमुक आयनाला पटल किती सहज वाट देतं, ती पार्यता. ‘अर्धपार्य’मधला पार्य तोच. वाहकतेला मात्र वाटेबरोबर आयनही हजर लागतात. समीकरणात संहती (द्रावणात आयन किती दाट आहेत ते) वेगळी मांडलेलीच असते, म्हणून तिथे पार्यताच हवी.

आकडे घालून बघा. पोटॅशियम बाहेर ५, आत १४०. सोडियम बाहेर १४५, आत १२ (मिलिमोल प्रतिलिटर). पोटॅशियम आणि सोडियमच्या पार्यतेचं प्रमाण १ : ०.०४ धरा, क्लोराइड तूर्त सोडा. प्रत्येक संहतीला तिच्या पार्यतेने गुणून बाहेरच्या वर (अंशात), आतल्या खाली (छेदात) लिहा: वर ५ + ५.८ = १०.८, खाली १४० + ०.४८ = १४०.४८. भागाकाराचा लॉग घेऊन ६१.५ ने गुणा (३७ अंश सेल्सिअसला): उणे ६८.५ मिलिव्होल्ट. एकट्या पोटॅशियमवर उणे ८९ आलं असतं. बाहेर एवढं सोडियम असून हिशेबात त्याचे ५.८च धरले गेले, हे पार्यतेचं काम. क्लोराइड घ्याल तेव्हा त्याची आतली संहती वर लिहा, कारण तो ऋण आयन.

रावेर, केळी बागायतदार: सर, म्हणजे निचऱ्याची जमीन भर उन्हाळ्यात कोरडी पडली तरी निचऱ्याचीच म्हणतो आपण, तसंच ना? पाणी नाही म्हणून जमिनीचा गुण जात नाही.

धुळे, शिक्षक: अगदी तसंच, भाऊ. निचरा ही पार्यता.

दुसरा प्रश्न राहिला. आतल्या विभवातून बाहेरचा वजा करूनच हा आकडा येतो, म्हणून ‘विभवांतर’ नेमका. ‘पटलविभव’ही चालतो, पण परीक्षेत पहिल्यांदा ‘विभवांतर’च लिहा, म्हणजे उणे चिन्ह कुठून आलं ते कळतं.

यावल, विद्यार्थिनी: मग चेतापेशीत आवेग (विद्युत संदेश) येतो तेव्हा ‘संहती बदलली’ असं लिहिलं तर?

धुळे, शिक्षक: चुकेल. एका आवेगात पटल ओलांडणारे आयन इतके थोडे, की संहती जवळपास तीच राहते. बदलते ती पार्यता. वरच्याच आकड्यांत प्रमाण १ : २० करा: २९०५ भागिले ३८०, म्हणजे अधिक ५४ मिलिव्होल्ट. ‘सोडियमची पार्यता वाढली’ असं लिहा.